कोपरा कापलेला कागद

॥ श्री ॥
सातारा, ता. २ ऑक्टोबर १९४४

चि. आकारामभाऊ,

तुम्हांला आणि अंजनाला माझे आशीर्वाद, राहीबाई विहीणबाईंना नमस्कार. हा कागद हातात घेतल्यावर आधी सरळ उलगडा, चुरगाळू नका. हे नुसते पत्र नाही, माप आहे.

परवा वाऱ्याने मधल्या खोलीचे दार आपटले आणि खालची काच फुटली. त्या खोलीला खिडकी नाही, उजेड काय तो त्या काचेतून. अंजना माहेराहून बाळंत होऊन आली की तिला आणि बाळाला तीच खोली द्यायची आहे. दोन्ही दुकाने पालथी घातली. एक म्हणाला, लढाई संपल्यावर या. दुसरा म्हणाला, "वहिनी, काचसुद्धा पलटणीत भरती झाली." सध्या मी पुठ्ठा लावला आहे, पण त्याने खोलीत काळोख होतो. तुमच्या माधवनगरच्या गिरणीच्या खिडक्यांना काचा बसवणारे ते चांदसाहेब, त्यांच्याकडे जुनी जाड काच आहे असे तुम्ही मागे म्हणाला होता. त्यांना हा कागद दाखवावा.

इंच लिहून पाठवले की कापणारा आपल्या मनाने अर्धा इंच खातो. म्हणून मी चौकटीवर कागद धरला, नखाने दाबून घडी पाडली आणि बरोबर तेवढाच कापला. खालचा उजवा कोपरा तिरका कापला आहे तो चुकून नव्हे. तिथे चौकटीत कडीची लोखंडी पेटी आहे, काचेला तेवढी जागा सोडावी लागते. बाजारात कागदाची काय दशा आहे ते तुम्ही जाणता. मापाला एक ताव आणि पत्राला दुसरा, ही उधळपट्टी जिवावर आली. म्हणून मापावरच पत्र लिहिले.

लालासाहेब भावोजींचे पत्र इटलीहून दसऱ्याला आले. खुशाल आहेत. अंजनाला सांगा, आपल्या नवऱ्याची काळजी करू नये, पायऱ्या जपून उतराव्यात, आणि जाऊबाईने सांगितलेले तूप नाकाला पदर न लावता खावे. परमेश्वर सर्व नीट करील.

सौ. रंगूबाई


सांगली, ता. ५ आक्टोबर

रंगूताई आन् नाथाजीदादा,

काय लिवू कळत न्हाई.

तुमचं पत्र दुपारी आलं. मी गिरणीत हुतो. अंजीला वाचता येत न्हाई, पर तुमचं अक्षर ती वळकती. हसत हसत पाकीट फोडलं म्हणं, "आई, जाऊबाईंचं हाय." कागद उलगडला आन् खालचा कोपरा न्हाई. आईनं बघितला. मयताच्या कागदाचा कोपरा फाडत्यात आन् तसला कागद घरात ठेवत न्हाईत, ही रीत तुमच्यात बी हाय आन् आमच्यात बी. आईनं तो अंजीच्या हातातनं वढला, भाईर नेऊन फाडला आन् तशीच जाऊन किस्नामाईत सोडून आली. वाचला कुणीच न्हाई. वाचायचं काय ऱ्हायलं हुतं?

मी सांजच्याला आलो तवा अंगणात बाया जमल्या हुत्या. अंजीच्या बांगड्या उंबऱ्यावर फुटल्या हुत्या. कपाळ पुसल्यालं. ताई, तिला आठवा लागलाय. ती रडत न्हाई. भिताडाला पाठ लावून बसलीया. आई म्हणती, "रड गं बाई, मोकळी हो." तर ही म्हणती, "मला येवडंच सांगा, कवा झालं?"

तवा येवडं कळवा. सरकारची तार कवा आली? कुठं पडले? दहावा कवा धरायचा? मी सोता निघणार हुतो, पर अंजीला ह्या अवस्थेत टाकून पाय निघत न्हाई. मागल्या सुट्टीत दाजी मला म्हणले हुते, "आक्या, लढाई सरली की तुला पलटणीच्या बँडात भरती करतो, तुजं तोंड तेवड्याच कामाचं हाय." मी रागावून जेवलो न्हवतो त्या दिशी. आता ते आठवतंय.

आकाराम


॥ श्री ॥
सातारा, ता. ७ ऑक्टोबर

चि. आकारामभाऊ,

कोणीही गेलेले नाही. भावोजी गेलेले नाहीत. आमच्या दाराची काच फुटली आहे.

तुमचे पत्र मी उभ्याने वाचायला घेतले. कोण गेले तेच मला कळेना. वाटले, तुमच्याकडेच काही झाले आणि तुम्ही दुःखात उलटसुलट लिहिता आहात. पुन्हा पहिल्यापासून वाचले. कोपऱ्याच्या ओळीशी आले तेव्हा उलगडा झाला. हे कचेरीतून आले तेव्हा चूल विझलेली होती. मी यांच्या हातात पत्र दिले. वाचून हे म्हणाले, "मॅट्रिक झालीस ना गं? कात्री चालवताना डोकं कुठं ठेवलं होतंस?" माहेरी असली पत्रे दाराबाहेर वाचून फाडताना मी लहानपणापासून पाहिली आहेत. पण कात्री हातात होती तेव्हा मला फक्त कडीची पेटी दिसत होती. मयत डोक्यातही आले नाही.

हे तसेच तार करायला धावले आहेत. ती तुम्हांला या पत्राआधी मिळेल. त्या कागदावर काय होते ते पुन्हा लिहिते. मधल्या खोलीची काच फुटली, चौदा इंच लांब, दहा इंच रुंद, खालचा उजवा कोपरा दोन इंच तिरका. चांदसाहेबांना विचारा. वर '॥ श्री ॥' होता. मयताच्या पत्रावर श्री कोण लिहितो? आणि शेवटी हेही लिहिले होते की दसऱ्याला भावोजींचे पत्र आले, ते खुशाल आहेत.

अंजनाला आत्ताच्या आत्ता कुंकू लावा. बांगड्या भरा. जित्या माणसाची खोटी बातमी उठली की त्याचे आयुष्य वाढते म्हणतात, हे तिला सांगा. तिच्या पायांवर डोके ठेवावे असे वाटते. मी थोरली, म्हणून तेही करता येत नाही.

सौ. रंगूबाई


सांगली, ता. १० आक्टोबर

रंगूताई,

तुमची तार तुमच्या कागदापेक्षा वाईट ठरली. तारवाला दारात दिसला आन् आई भुईवरच बसली. म्हणाली, "कोपरा आदी आला, आता सरकारचं बी आलं." तारंतलं इंग्रजी मला येतंय व्हय? तसाच गिरणीतल्या हेडक्लार्काकडं पळालो. त्यानं वाचलं आन् म्हणाला, "लालासाहेब जिवंत, पत्रात चूक." मी त्याला तीनदा वाचाया लावलं. चवथ्यांदा म्हणलो तवा तो चिडला, "अरे, मी वाचून तो मरणार हाय का जगणार हाय?"

घरी येऊन सांगितलं. आई म्हणती, "रंगूबाईंनी पोरीचं पोट बघून खोटं कळवलंय." मग तुमचं पत्र आलं. ते घेऊन मी चांदसाहेबांकडं गेलो आन् त्यांनाच घरी आणलं. आईनं इचारलं, "बाबा, काचंला कवा कोपरा नसतोय व्हय?" चांदसाहेब म्हणले, "आवं आक्का, पेटीच्या दाराला कोपरा कापाया लागतोच. असल्या बिनकोपऱ्याच्या मी पन्नास काचा कापल्या, एकाचं बी मयत झालं न्हाई." आई पैल्यांदा हसली आन् मग जे रडाया लागली ते थांबंना. काच त्यांनी मापावर कापून दिली. भुश्यात बांधून रेल्वेनं लावली हाय, दादांनी सातारा रोडला सोडवून घ्यावी. पैसं घेतलं न्हाईत. म्हणले, बाळाच्या बारशाला घीन.

आईचं पटलं. पर अंजीचं न्हाई.

ती म्हणती, "काचंचं मला पटलं. माणसाचं कुठं पटलं? कागद काचंचा हुता म्हणून माणूस जिता हाय व्हय? आठव्या म्हैन्यातल्या बाईला खरं कोण सांगतंय?" कुकवाचा करंडा आईनं तिच्याम्होरं ठेवला, तिनं तो बाजूला सारला. एक भाकरी दोन दिस पुरवती. तिचं म्हणणं येवडंच हाय. दसऱ्याला पत्र आलं म्हणता, तर ते पत्रच धाडा. दाजी सहीखाली एक रेघ वढत्यात, टोकाला वर वाकडी. ती रेघ ती वळकती. तेवडी बघितली की कुकू लावीन म्हणती.

तवा परतीच्या टपालानं ते पत्र धाडा. आन् ताई, गावलं न्हाई, हरवलं आसंल, तर तुमीच एक लिवा त्यांच्या नावानं. तुमाला अक्षर वळवता येतंय. पाप लागलं तर निम्मं माज्या डोक्यावर. मला बहीण जगवायची हाय.

आकाराम


॥ श्री ॥
सातारा, ता. १३ ऑक्टोबर

चि. आकारामभाऊ,

पत्र पाठवता येत नाही. कारण पत्र नाही.

हरवलेले नाही. आलेच नाही. मी आल्यागेल्या पत्रांची वही ठेवते, कोणाचे आले, कधी आले, उत्तर कधी गेले. भावोजींचे शेवटचे पत्र ११ जुलैला आले. त्यापुढे त्यांच्या नावाची ओळ नाही. गणपतीत अंजनाने तुमच्या हातून विचारले, तेव्हा मी 'खुशाल' लिहिले. नवरात्रात विचारले, तेव्हा 'थंडी पडू लागली असे लिहितात' असेही वर जोडले. दसऱ्याचे पत्र मी असेच घडवले. एकदा नाही, दोनदा. दुसऱ्यांदा तर तुमच्या घरात बांगड्या फुटल्याचे वाचून लिहिले. मला ते खोटे वाटतच नव्हते. पोटुशीला द्यायचे औषध वाटत होते. तुम्हांला असे लिहिते हे यांनाही मी सांगितले नव्हते. हे पलटणीच्या कचेरीत चौकशी करायला निघाले की मीच अडवायची, म्हणायची, नाव काढले की अशुभ होते. काल सांगितले. हे जेवायला बाहेरच्या ओसरीवर बसले.

तुम्ही सुचवलेत तसे लिहायलाही मी बसले होते. भावोजी 'प्रिय' लिहीत नाहीत, 'घरच्यांस' लिहितात. 'काळजी' लिहीत नाहीत, 'फिकीर' लिहितात. हे सगळे मला तोंडपाठ आहे. पान भरले. सही केली. सहीखाली रेघ ओढली, टोकाला वर वाकडी. हुबेहूब आली, आकाराम. उद्या खरोखर वाईट झाले, तर मी अशीच वर्षभर रेघा ओढत बसेन आणि ती पोर त्या रेघांवर कुंकू लावत राहील. देवापुढे दिवा होता. मान वर करून त्याच्याकडे पाहता येईना. कागद चुलीत घातला.

भावोजी जिवंत आहेत की नाहीत, मला माहीत नाही. सरकारची तार आलेली नाही, एवढे मात्र खरे. हे आज पलटणीच्या कचेरीला अर्ज देऊन आले.

हे पत्र अंजनाला वाचून दाखवा. गाळून नाही, सगळे. तुमची काच अखंड पोचली, यांनी बसवली, खोलीत उजेड आला. तेही लिहायला लाज वाटते.

सौ. रंगूबाई


सांगली, ता. १६ आक्टोबर

रंगूताई,

वाचून दाखवलं. सगळं.

आई म्हणती, असल्या घरात पोरगी परत धाडायची न्हाई. तुमचा कोपरा चुकून गेला, ते ती पोटात घालाया तयार हुती. पर गणपतीपास्नं तुमी 'खुशाल' लिवलं, ते चुकून न्हवतं. पाप निम्मं घेतो म्हणलो हुतो, आता माजं तोंड ऱ्हायलंय कुठं?

अंजी उठली, आत गेली. मागनं तिला कळ आली. सुईण आली, तेल चोळलं, दिस उगवायच्या आत निवळलं. सुईण म्हणती, आजून येळ हाय, पर दुसरा दणका सोसायची न्हाई. दिवाळी हाय. गल्लीत पणत्या हाईत. आमच्या दारात न्हाई.

अंजी येवडंच इचारती, अर्जाचं काय झालं.

आकाराम


॥ श्री ॥
सातारा, ता. २४ ऑक्टोबर

चि. अंजना,

हे पत्र तुला लिहिते आहे. आकारामभाऊ वाचतील. त्यांनी मध्ये थांबू नये.

आज सकाळी भावोजींचे कार्ड आले. पत्र नाही, फौजेचे छापील कार्ड आहे. त्यावर ओळी छापलेल्या असतात, शिपायाने नको त्या खोडायच्या. भावोजींनी सगळ्या खोडल्या आहेत, दोन ठेवल्या आहेत. पहिली, 'मी इस्पितळात आहे, जखमी.' दुसरी, 'सुधारत आहे.' खाली सही आहे आणि रेघ आहे. यांनी पाहिली, मी पाहिली. माझी नव्हे, त्यांचीच आहे. तू स्वतः पाहा. कार्ड सोबत पाठवते आहे.

आता नीट ऐक. कार्डावरची तारीख १४ सप्टेंबर. आज चाळीस दिवस झाले. त्या दिवशी ते जिवंत होते आणि सही करण्याइतका हात चालत होता, एवढेच या कार्डाने कळते. जखम कुठे आहे ते लिहिलेले नाही. किती आहे ते नाही. १५ सप्टेंबरपासून आजपर्यंत काय झाले ते मला ठाऊक नाही, यांना नाही, पलटणीच्या कचेरीतही नाही. तिथला कारकून म्हणाला, वाईट असते तर तार आली असती. पण तो कारकून आहे, देव नाही.

या पत्रात मी 'खुशाल' लिहिलेले नाही. तू यावेस असेही लिहीत नाही. कुंकवाचेही लिहीत नाही. मागच्या वेळी हुकूम सोडला तो माझा अधिकार नव्हता. तुला राग असेल तर तो असाच ठेव, फक्त जेवत जा.

तुझी जाऊ,
रंगूबाई


सांगली, ता. २८ आक्टोबर

(अंजी सांगती तसं लिवतोय. माजा एक शब्द न्हाई. आकाराम)

जाऊबाईंस,

कार्ड मिळालं. सही त्येंचीच. माज्यापाशी हाय, कुणाला देत न्हाई.

तुमचा कोपरा बघितला तवा आई वरडली. मी वरडले न्हाई. का ते तुमाला सांगते. मला नवल वाटलंच न्हाई. गणपतीपास्नं तुमी खुशाल लिवत हुता, आन् मी आकाला इचारत हुते, आजून काय लिवलंय? तर थंडी पडली, बाकी काय न्हाई. त्येंचा दात दुखत न्हाई, कुणाशी भांडण न्हाई, माज्यावर राग न्हाई, नुसतं खुशाल. ज्या माणसाला भाकरी जाड झाली तरी चार वळी लिवाया लागत्यात, तो नुसता खुशाल कसा आसंल? तवाच माज्या मनानं घेतलं हुतं. तुमच्या कागदानं मारलं न्हाई त्येंना. तुमच्या खुशालनं मारलं हुतं. कागद मागनं आला.

तुमी पत्रच न्हाई म्हणून लिवलंत तवा मला लय राग आला. पोटात कळ आली ती रागाची. तुमी म्होरं असता तर काय बोलले असते ते आका लिवणार न्हाई, सोडून दे म्हणतोय. मग हे पत्र आलं. त्यात तुमी सरळ लिवलंय, मला ठावं न्हाई. आका वाचत हुता आन् मला वाटलं, आता ही बाई सांगंल ते धरून चालाया हरकत न्हाई.

आज मी कुकू लावलं. आईला इचारलं न्हाई. कासारीण बांगड्या भराया आली. तिनं हात दाबता दाबता इचारलं, "बाई, कुणाच्या भरवशावर भरतीस?" मी म्हणलं, चौदा सप्टेंबरच्या. तिला काय कळलं न्हाई. डझन भरून गेली.

बाळंत झाले की सव्वा म्हैन्यानं येते. आई कुरकुरती, तिचं मी बघते. पर माजी एक बोली हाय, ती मान्य आसंल तरच दादांना न्यायला धाडा. तिथं तार आली, कसली बी येऊ दे, तर ती पैली माज्या हातात द्यायची. मी न्हाणीत आसंन, बाळाला पाजत आसंन, झोपंत आसंन, उठवायचं. मग तुमी वाचायची. वाचताना माज्या तोंडाकडं बघायचं न्हाई. जे लिवलं आसंल ते वाचायचं.

अंजना